गोठलेल्या बोटांना बर्फ चोळा? एका चुकीच्या सल्ल्याची दीडशे वर्षे

बर्फात फिरताना हाताची बोटे पांढरी पडली, बधिर झाली, तर तुम्ही आधी काय कराल? हा प्रश्न विचारला की बहुधा तीनपैकी एक उत्तर येते. कोणी म्हणते, जोरात चोळायची. कोणी म्हणते, शेकोटीवर किंवा हीटरवर धरायची. आणि कोणी हसत हसत सांगते, दोन घोट ब्रँडी घ्यायची.

तिन्ही उत्तरे चुकीची आहेत. पण ती अडाणीपणाची नाहीत. एकेकाळी मोठमोठे डॉक्टर हेच सांगत होते, आणि त्यातला एक सल्ला तर त्या काळच्या युरोपातल्या सर्वांत नावाजलेल्या लष्करी सर्जनने दिलेला होता. तो सल्ला का दिला गेला, एवढी वर्षे का टिकला आणि शेवटी कसा मागे पडला, हे समजून घेतले की गोठलेल्या हातापायांचे काय करायचे ते पाठ करावे लागत नाही, आपोआप लक्षात राहते.

तुम्ही म्हणाल, डॉक्टर, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? खरे आहे. पण दर हिवाळ्यात आपली कितीतरी मुले-मुली हिमालयात ट्रेकला जातात. कितीतरी आई-बाबा मुलांकडे टोरांटो, शिकागो, न्यू जर्सीला जातात. त्यांतल्या अनेकांना मधुमेह असतो. म्हणून हा लेख.

आधी थोडे शरीराविषयी

उन्हाळ्यात पाणीकपात झाली की टोकाच्या वस्तीचे पाणी आधी बंद होते. थंडीत शरीर तेच करते. हृदय, मेंदू, यकृत यांची ऊब टिकवण्यासाठी ते हातापायांच्या, नाका-कानांच्या रक्तवाहिन्या आवळून घेते. ही तक्रारीची गोष्ट नाही, जीव वाचवण्याची युक्ती आहे. पण तिची किंमत बोटे मोजतात. ऊब पोहोचवणारे रक्तच कमी झाले की त्यांचे तापमान उतरत जाते, आणि ते शून्याच्या थोडे खाली गेले की पेशींच्या आजूबाजूच्या पाण्याचे स्फटिक होऊ लागतात. यालाच हिमदंश म्हणजे फ्रॉस्टबाइट म्हणतात.

फ्रिजरमध्ये चुकून राहिलेली कोथिंबीर आठवा. गोठलेली असते तोवर ती हिरवीगार, कडक, अगदी ताजी दिसते. बाहेर काढून ठेवली की पाच मिनिटांत काळपट आणि लिबलिबीत होते. नुकसान गोठतानाच झालेले असते, पण दिसते ते वितळताना. हिमदंशाचेही तसेच आहे. आणि याच गोष्टीने दोनशे वर्षांपूर्वी एका हुशार डॉक्टरला चकवा दिला.

1812: रशियातली माघार

त्या डॉक्टरचे नाव डॉमिनिक लारे. नेपोलियनच्या सैन्याचे ते प्रमुख सर्जन. जखमी सैनिकाला लढाई संपेपर्यंत पडू न देता लगेच उचलून आणण्यासाठी त्यांनी हलक्या, वेगवान घोडागाड्या तयार केल्या. आजच्या रुग्णवाहिकेची मुळे तिथे सापडतात.

फेब्रुवारी 1807 मध्ये आयलाऊ येथे बर्फात घनघोर लढाई झाली. तेव्हा लारे यांच्या एक गोष्ट लक्षात आली. कडाक्याच्या थंडीत सैनिकांची पायांबद्दल फारशी तक्रार नव्हती. थंडी ओसरून बर्फ वितळायला लागला, आणि मग पाय दुखणे, सुजणे, काळे पडणे सुरू झाले.

पाच वर्षांनी, जून 1812 मध्ये, नेपोलियन रशियावर चालून गेला. शार्ल मिनार या फ्रेंच अभियंत्याने 1869 मध्ये या मोहिमेचा एक प्रसिद्ध आलेख काढला. त्यात जाताना 4 लाख 22 हजार सैनिक दिसतात, मॉस्कोला पोहोचताना 1 लाख, आणि परत येताना फक्त 10 हजार. म्हणजे सगळे थंडीने मेले नाहीत. उपासमार, आजार आणि लढाया यांनी हिवाळ्याआधीच बहुतेकांना खाल्ले होते. पण 19 ऑक्टोबरला मॉस्को सोडल्यावर जी माघार झाली, ती मात्र बर्फातून झाली. मिनारच्या आलेखाखाली तापमानाची रेषाही आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला ती रोमर मापावर उणे 30 ला टेकते. आपल्या सेल्सियसमध्ये उणे 37.5.

या माघारीत लारे रोज एकच दृश्य पाहत होते. दिवसभर बर्फात चालून पाय बधिर झालेले सैनिक संध्याकाळी शेकोटी दिसली की तिच्यावर तुटून पडत. पाय जवळजवळ जाळातच घालत. सकाळी त्याच पायांवर फोड आलेले असत आणि पुढे ते सडत.

लारे यांनी निष्कर्ष काढला: गोठलेल्या भागाला उष्णता हे विष आहे. त्याला हळूहळूच पूर्ववत करायला हवे. त्यासाठी आधी बर्फ चोळावा, गार पाण्यात बुडवावे, ऊब शेवटी द्यावी. उत्तरेकडच्या देशांत बर्फ चोळण्याचा घरगुती रिवाज आधीपासून होताच. लारे यांच्या नावाने त्याला शास्त्राचा शिक्का मिळाला.

निरीक्षण बरोबर, निष्कर्ष चूक

लारे यांनी पाहिले त्यात काहीच खोटे नव्हते. शेकोटीने पाय खरोखरच जात होते. पण का?

पहिले कारण, बधिर पायाला चटका कळत नाही. शेकोटीच्या जाळाचे तापमान काही शे अंश असते. आपला हात एवढ्या जवळ गेला तर आपण क्षणात मागे घेऊ. त्या सैनिकांना आपला पाय भाजतोय हे समजतच नव्हते. आधी गोठलेली कातडी मग भाजत होती.

दुसरे कारण त्याहून महत्त्वाचे. रात्री शेकोटीवर वितळलेला पाय सकाळी पुन्हा बर्फात जात होता आणि पुन्हा गोठत होता. एकदा गोठून वितळलेल्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर दुखावलेले असते. तिथे सूज येते, रक्ताच्या गुठळ्या होऊ लागतात. तो भाग दुसऱ्यांदा गोठला तर नुकसान दुपटीने नव्हे, कितीतरी पटींनी वाढते.

म्हणजे दोष उष्णतेचा नव्हता. दोष होता अतिउष्णतेचा आणि पुन्हा गोठण्याचा. पण लारे यांच्यासमोर पर्याय दोनच होते, जाळ किंवा बर्फ. तिसरा पर्याय म्हणजे बादलीभर कोमट पाणी आणि निवांत जागा. मागे कोसॅक घोडेस्वार लागलेले असताना ते कुठून आणायचे? जाळापेक्षा बर्फ बरा, एवढेच त्यांना दिसले. त्या परिस्थितीत दिलेला तो सल्ला पुढे सगळीकडे आणि सर्वांसाठी नियम म्हणून छापला गेला. पहिल्या महायुद्धापर्यंत आणि त्यानंतरही प्रथमोपचाराच्या पुस्तकांत तो होता.

बर्फ चोळण्यात वाईट काय? एक तर भाग गोठलेलाच राहतो आणि जितका जास्त वेळ गोठलेला राहील तितके नुकसान अधिक. शिवाय बर्फाचे कण कातडीवर पॉलिश पेपरसारखे घासले जातात आणि आतले स्फटिक पेशींना ओरबाडतात. नुसते कोरड्या हाताने चोळले तरी हे दुसरे नुकसान होतेच. आपल्याकडे कुठलाही अवयव बधिर झाला की हात आपोआप तेलाच्या बाटलीकडे जातो आणि चोळणे सुरू होते. एरवी ठीक आहे. गोठलेल्या बोटाला मात्र चोळू नका.

ब्रँडीची गोष्ट

स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवरच्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीत एक मठ आहे. तिथले धर्मगुरू आणि त्यांचे धिप्पाड कुत्रे बर्फात अडकलेल्या वाटसरूंना शोधून काढत. 1800 ते 1814 या काळातला बॅरी नावाचा कुत्रा फार गाजला. त्याने 40 माणसे वाचवली असे सांगतात. पेंढा भरून ठेवलेला तो कुत्रा बर्नच्या संग्रहालयात आजही पाहायला मिळतो.

1820 मध्ये एडविन लँडसीअर या तरुण इंग्रज चित्रकाराने अशा कुत्र्यांचे चित्र काढले आणि एका कुत्र्याच्या गळ्यात छोटे पिंप रंगवले. लोकांनी ते ब्रँडीचे पिंप म्हणून मनात पक्के केले. प्रत्यक्षात मठातले कुत्रे असे पिंप घेऊन फिरत होते याचा पुरावा नाही. पण चित्र एवढे आवडले की बर्फात ब्रँडी हे समीकरण जगभर रूढ झाले.

दारूने ऊब वाटते, यात खोटे नाही. कातडीच्या रक्तवाहिन्या उघडतात आणि गरम रक्त बाहेरच्या बाजूला धावते. पण ही ऊब आली कुठून? हृदय आणि मेंदूसाठी राखून ठेवलेल्या साठ्यातून. ती कातडीवाटे बाहेर निघून जाते आणि शरीराचा गाभा थंड होतो. शिवाय कुडकुडणे कमी होते आणि निर्णयशक्ती ढळते. शरीराचे आतले तापमान 35 अंश सेल्सियसच्या खाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. दारू माणसाला तिकडेच ढकलते, आणि वर छान वाटतेय असा आभास देते.

लेनिनग्राड, अन्नपूर्णा, अलास्का

हळूहळू ऊब द्या या नियमाला धक्का दिला तो थंडीतच राहणाऱ्या लोकांनी. 1930 च्या दशकात लेनिनग्राडच्या लष्करी वैद्यकीय अकादमीत सेम्यॉन गिरगोलाव या सर्जनने गोठलेले भाग कोमट पाण्यात लवकर वितळवण्याचा पुरस्कार केला. पण ते काम रशियनमध्ये होते. पश्चिमेकडे ते पोहोचायला दुसरे महायुद्ध उजाडले. त्याच युद्धात, 1941-42 च्या हिवाळ्यात, रशियात शिरलेल्या जर्मन सैन्याला हिमदंशाचे एक लाखाहून अधिक रुग्ण मोजावे लागले. त्या मोहिमेच्या पदकाला सैनिकांनीच गोठलेल्या मांसाचे पदक असे कडवट नाव ठेवले होते.

याच काळातले एक काळे पान सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 1942-43 मध्ये डाखाऊ छळछावणीत नाझी डॉक्टरांनी कैद्यांना बर्फाच्या पाण्यात बुडवून प्रयोग केले. त्यात कित्येक माणसे मेली. लवकर ऊब देण्याचे ज्ञान त्या प्रयोगांतून आले असे काही ठिकाणी वाचायला मिळते. ते खरे नाही. गिरगोलाव यांचे काम आधीचे आहे. आणि 1990 मध्ये एका अमेरिकन सर्जनने त्या नोंदी तपासून त्या शास्त्र म्हणूनही भरवशाच्या नाहीत हे दाखवून दिले. माणसाला मारून मिळवलेल्या माहितीवर आजचा उपचार उभा नाही, हे तुम्हाला माहीत असावे.

तरीही जुना सल्ला सहजी गेला नाही. 3 जून 1950 रोजी मॉरिस एर्झोग आणि लुई लाशनाल हे फ्रेंच गिर्यारोहक अन्नपूर्णेच्या शिखरावर पोहोचले. आठ हजार मीटरपेक्षा उंच शिखरावर माणसाचे ते पहिले पाऊल. उतरताना एर्झोगच्या हातातून हातमोजे निसटले आणि उतारावरून घरंगळत गेले. पाठपिशवीत जादा पायमोजे होते. ते हातांत घालता आले असते, पण त्या विरळ हवेत त्याला ते सुचलेच नाही. त्या रात्री तंबूत साथीदारांनी दोघांचे हातपाय चोळले, दोरीच्या टोकांनी झोडपले, रक्त परत यावे म्हणून. दुसरी रात्र त्यांना हिमभेगेत काढावी लागली. म्हणजे वितळणे, चोळणे, पुन्हा गोठणे, सगळे एकापाठोपाठ. मित्रांनी जिवाभावाने केले, तेव्हा जे माहीत होते तेच केले. एर्झोगने पायाची सगळी आणि हाताची जवळजवळ सगळी बोटे गमावली. लाशनालची पायाची सर्व बोटे गेली.

यानंतर दहा वर्षांनी, 1960 च्या सुमारास, अलास्कातल्या अँकरेजमधील अस्थिरोगतज्ज्ञ विल्यम मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या रुग्णांचे अनुभव छापले. त्यांची पद्धत साधी होती: मोठे टब, पाणी आणि थर्मामीटर. मोजून कोमट ठेवलेल्या पाण्यात गोठलेला भाग बुडवायचा, चोळायचा नाही आणि कापायची घाई करायची नाही. चोळलेल्या आणि हळूहळू वितळवलेल्या रुग्णांपेक्षा यांचे हातपाय जास्त वाचत होते. त्यांचे आणखी एक सांगणे होते. अडकलेल्या गिर्यारोहकाला चालून खाली यावेच लागणार असेल, तर त्याने गोठलेल्या पायांनीच चालत यावे. वाटेत पाय वितळवू नयेत. लारे यांच्या सैनिकांचे काय चुकले होते, त्याचे हे उत्तर होते. फक्त ते यायला दीडशे वर्षे लागली.

त्यानंतर औषधेही आली. रक्ताच्या गुठळ्या विरघळवणारी इंजेक्शने वापरली जाऊ लागली. 2011 मध्ये फ्रान्सच्या शामोनीतल्या डॉ. इमॅन्युएल कोशी यांनी आयलोप्रोस्ट या रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या औषधाचे चांगले परिणाम दाखवले आणि फेब्रुवारी 2024 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तीव्र हिमदंशासाठी ते मंजूर केले. पण ही औषधे उपयोगी पडतात ती लवकर, शक्यतो पहिल्या दिवसातच दिली तर. म्हणून रुग्णालय गाठण्यात वेळ दवडू नका.

आता आपण काय करायचे?

इतिहास वाचला असेल तर पुढचे नियम ओळखीचे वाटतील.

1. ओळखा. बोट, नाक, कान आधी दुखतात, झोंबतात आणि मग दुखणे एकाएकी थांबते. हे बरे वाटण्याचे लक्षण नाही, धोक्याचे आहे. कातडी फिकट, राखाडी, मेणासारखी दिसते. आपल्या सावळ्या रंगावर हा फरक पटकन कळत नाही, म्हणून बधिरपणा आणि कडकपणा यांवर लक्ष ठेवा.

2. नुकतीच सुरुवात असेल, भाग मऊ असेल, तर आडोशाला या. ओले मोजे काढा. बोटे स्वतःच्या काखेत धरा. काही मिनिटांत संवेदना परत यायला हवी.

3. भाग कडक झाला असेल तर आधी एकच प्रश्न विचारा: हा पुन्हा गोठण्याची शक्यता आहे का? असेल तर मुद्दाम वितळवू नका, कोरडे झाकून मदतीपर्यंत पोहोचा.

4. सुरक्षित जागी असाल तर 37 ते 39 अंश सेल्सियस पाण्यात तो भाग बुडवा. थर्मामीटर नसेल तर बाळाच्या आंघोळीचे पाणी जसे कोपराने पाहतो तसे पाहा. कोपर दुसऱ्याचे हवे, रुग्णाचा बधिर हात नको. पाणी निवेल तसे गरम पाणी घाला, पण अंगावर थेट ओतू नका. कातडी मऊ होऊन रंग परत येईपर्यंत, साधारण अर्धा तास लागतो. या वेळी खूप दुखते. ते अपेक्षित आहे. चालत असेल तर वेदनाशामक गोळी द्या.

5. चोळू नका, शेकू नका, फोड फोडू नका. बोटांच्या मध्ये कोरडा कापूस किंवा गॉज ठेवा. वितळलेल्या पायावर चालू नका. लगेच रुग्णालयात जा. काळी पडलेली बोटे पाहून घाबरू नका. किती भाग जगेल हे ठरायला आठवडे, कधी महिने लागतात, आणि सर्जन त्यासाठी थांबतात.

6. माणूस अडखळतोय, हातातून वस्तू पडतायत, बोबडे बोलतोय, चिडचिडतोय, तर तो हायपोथर्मिया समजा. कुडकुडणे थांबले आणि माणूस सुस्तावला तर अवस्था आणखी गंभीर आहे. ओले कपडे काढा, कोरडे गुंडाळा, आडवे ठेवा, जोरात हलवू नका. शुद्धीत असेल तरच गरम गोड पेय द्या. आणि आशा सोडू नका. 1999 मध्ये नॉर्वेत बर्फाखालच्या ओढ्यात अडकलेल्या एका तरुण डॉक्टरचे तापमान 13.7 अंशांपर्यंत उतरले होते. हृदय थांबले होते. त्या वाचल्या आणि पुन्हा कामाला लागल्या.

7. बंद खोलीत कोळशाची सिगडी किंवा गॅसचा हीटर लावून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोके दुखणे, मळमळणे एवढेच सांगून तो वायू झोपेतच माणसाला नेतो.

परदेशी जाणाऱ्या मधुमेही आई-बाबांना वेगळे सांगायचे आहे. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेली असते. म्हणजे तुमचे पाय खोलीतसुद्धा लारे यांच्या सैनिकांसारखे आहेत: थंडीही कळत नाही आणि चटकाही कळत नाही. गरम पाण्याची पिशवी, हीटिंग पॅड पायांना लावू नका. रोज रात्री पाय पाहा. सैल, कोरडे लोकरी मोजे घाला. एकावर एक तीन मोजे कोंबून बूट घट्ट केलात तर रक्तच पोहोचत नाही. धूम्रपानाने रक्तवाहिन्या आवळतात, त्या थंडीत आणखी आवळतील. हवामानाच्या अ‍ॅपवर तापमानाखाली वाऱ्याचा हिशेब धरलेला दुसरा आकडा दिसतो, घराबाहेर पडताना तो पाहा. वाऱ्याचा हा हिशेब 1940 च्या सुमारास अंटार्क्टिकावर दोन अमेरिकन संशोधकांनी पाणी गोठायला किती वेळ लागतो ते मोजून मांडला.

आणि ट्रेकला जाणाऱ्यांनी हातमोज्यांचा एक जादा जोड कोटाच्या खिशात ठेवावा. पाठपिशवीच्या तळाशी नको. एर्झोगकडेही पर्याय होता. तो पाठपिशवीत होता.